वाटीएवढी जागा

१

कळंबच्या बाहेर, कापसाच्या बंद पडलेल्या जिनाच्या मागे, घरांची एक ओळ आहे. त्या ओळीतलं शेवटचं घर नानाजीचं आणि त्याच्या अलीकडचं मारोतीचं. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमध्ये आधी नुसती दगडांची रांग होती. माणसाला ओलांडता येईल आणि कोंबडीला अडवता येणार नाही, एवढीच.

ते दिवस कापूस घरात पडून राहायचे होते. आज भाव येईल, उद्या येईल, म्हणून लोक कापूस घरात ठेवून होते. बाजेखाली कापूस, रांधणीत कापूस, पोरं निजायची ती कापसावरच. नानाजीनं तर आपली मागची खोली छतापर्यंत भरली होती. मग जिन बंद पडला, आणि एका सकाळी नानाजीच्या दाराला कुलूप दिसलं. नवरा-बायको लेकीकडे गेले, असं कोणीतरी म्हणालं. कोणत्या लेकीकडे, ते कोणालाच सांगता येईना. नानाजीची बायको इंदुताई जाताना मारोतीच्या बायकोला, मथुराबाईला, सांगूनही गेली नाही, याचं मारोतीला नवल वाटलं.

कारण त्या दोघींचं तसं होतं. इंदुताई पाटलाच्या घरची. तिनं पहिल्यांदा मथुराबाईकडून विरजण मागून नेलं, तेव्हा ओळीतल्या बायांनी चार दिवस कुजबुज केली होती. बौद्धाच्या घरचं विरजण पाटलाच्या दुधात! इंदुताईनं ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा वाटी पुढे केली. तेव्हापासून दगडांवरून वाट्या येत-जात राहिल्या. मथुराबाईचा एक नेम होता. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. घरात काही नसलं तर कढीपत्त्याची चार पानं टाकेल, पण रिकामं नाही. "आपल्या घरून कोनाचं भांडं रिकामं गेलं, असं म्हनाची पाळी कोनावर येऊ नये," ती म्हणायची. त्यात तिचा सगळा मान होता.

घर बंद झालं तशी नानाजीच्या अंगणात गाजरगवत माजलं, आणि तिकडून तांड्यावरच्या लालीबाईच्या शेळ्या येऊन मारोतीची वांगी खाऊ लागल्या. कुंपण करणं भाग पडलं.

मारोतीचा पोरगा इंद्रजित यवतमाळला ऑटो चालवायचा. तो म्हणाला, "बाबा, नर्सरीतून दुरांटा आनतो. पिवळा पिवळा मस्त दिसते." मथुराबाई म्हणाली साधी मेंदी लावा, हाताले तरी कामी येते. मारोतीनं दोघांचं ऐकून घेतलं. त्याला घाई कधी नसायची. जिनाच्या ऑफिससमोरचं कुंपण त्यानंच जन्मभर राखलं होतं. दुरांट्याला उन्हाळ्यात पाणी कुठून घालणार? साधी मेंदी वैशाखात नुसत्या काड्या होते, वर लग्नसराईत गल्लीतल्या पोरी ओरबाडून नेतात. त्यापेक्षा कडू मेंदी बरी. शेळी तिला तोंड लावत नाही, पाणी मागत नाही, आणि बाराही महिने हिरवी राहते. जिनाच्या कुंपणाच्याच काड्या त्यानं पावसाच्या झडीत तोडून आणल्या, तिरप्या छाटल्या, दगड काढून तिथं ओळीनं खोचल्या.

मथुराबाई उभी राहून पाहत होती. म्हणाली, "मधात वाटीएवढी जागा सोडा."

"कायले?"

"इंदुताई आली तं वाटी कुठून देईन मी?"

"आली तं सोडू," मारोती म्हणाला. आणि त्यानं जागा सोडली नाही.

२

मेंदी लागली. दुसऱ्या पावसाळ्यात कमरेपर्यंत आली, दिवाळीपर्यंत छातीला. मारोतीला दुसरं काम उरलं नव्हतं. सकाळी चहा झाला की तो भिंतीवरच्या खिळ्यावरची मोठी कैची काढायचा आणि कुंपणाशी उभा राहायचा. दोरी ताणून माथा सरळ करायचा. कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद ठेवायचं, म्हणजे बुडाच्या पानांना ऊन लागतं आणि खाली टक्कल पडत नाही. छाटलेली पानं टोपलीत भरून उकिरड्यावर टाकायची. असं रोज थोडंथोडं. एकदम छाटलं तर झाड रागावतं, असं त्याचं मत.

एक दिवस त्याच्या मनात आलं, आपण इकडची बाजू राखतो, पण तिकडची तर वाऱ्यावर सोडली. तिकडून फांद्या सुटल्या असतील, वजनानं कुंपण झुकेल. म्हणून तो मागच्या गल्लीतून वळसा घालून नानाजीच्या अंगणात गेला.

गाजरगवत कमरेएवढं होतं. तो त्यातून वाट काढत कुंपणाशी पोचला आणि तिथंच थांबला.

तिकडची बाजू छाटलेली होती.

नुसती छाटलेली नाही, त्याच्या बाजूपेक्षा साफ. सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवावा तसा त्यानं पानांवरून हात फिरवला. खाली रुंद, वर अरुंद. कापलेल्या टोकांना अजून ओल होती. त्यानं मागे वळून पाहिलं. गवत मोडलं होतं ते त्याच्याच येण्यानं, दुसरी वाट कुठंच नव्हती. कुलूप गंजलेलं. आणि कुंपणाच्या बुडाशी एकही छाटलेलं पान पडलेलं नव्हतं.

कोणाची शेळी असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण शेळी खाते कशी हे त्याला ठाऊक होतं. शेळी ओरबाडते. असं कापत नाही.

संध्याकाळी लालीबाई शेळ्या घेऊन आली तेव्हा त्यानं विचारलंच. लालीबाई खो-खो हसली. "बाबा, माही शेळी उपाशी मरन, पन तुमच्या मेंदीले तोंड नाही लावनार. तुमच्यावानीच कडू हाय थे. आमची याडीच एवढी वर्षं कशी राह्यली तुमच्यासंगं!"

याडी म्हणजे आई. मथुराबाईला ती तेच म्हणायची. मथुराबाईही हसली. पण हसताना तिनं मारोतीकडे पाहिलं नाही, कुंपणाकडे पाहिलं. ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

३

मग भोक दिसलं.

कुंपणाच्या मधोमध, बाईमाणसाच्या कमरेच्या उंचीवर, गोल. वाटी आडवी जाईल एवढं. कडेची पानं अशी नीट कापलेली की विणल्यासारखी वाटावीत. आत डोकावलं की पलीकडचं गवत दिसायचं, बाकी काही नाही.

"तू केलं काय?" त्यानं मथुराबाईला विचारलं.

"मले कैची उचलते काय? खांदा पाहा माहा."

खरं होतं. तिचा उजवा खांदा वर जात नव्हता. तरी त्याचा संशय जाईना. आपण झोपलो असताना ही उठते का? दुसरी एखादी कैची लपवली आहे का? इतक्या वर्षांच्या बायकोविषयी असं मनात यावं, याची त्याला लाज वाटली. पण आलं, ते आलंच.

त्यानं दोन्ही बाजूंच्या फांद्या ओढून भोकावर आडव्या घेतल्या आणि सुतळीनं बांधल्या. दुसऱ्या सकाळी भोक पुन्हा मोकळं. सुतळी तोडलेली नव्हती. गाठ सोडून, सुतळीची छान गुंडी करून ती भोकाच्या तोंडाशी ठेवली होती. मारोतीची गाठ मारोतीशिवाय कोणाला सुटत नसे. घरात फक्त मथुराला सुटायची. आणि एकेकाळी, बाज विणायला बसायची तेव्हा, इंदुताईला.

त्यानं ती गुंडी उचलली. तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. त्याच्या मागे ओळीतल्या घरांचे सगळे आवाज होते. कोंबडी, रेडिओ, कोणाचं तरी खोकणं-खाकरणं. पण पुढून, त्या भोकातून, काहीच येत नव्हतं. गवतातल्या किड्याचा आवाजसुद्धा नाही. कापसानं भरलेल्या खोलीत गेल्यावर आपलाच आवाज जसा तोंडाशी मरतो, तसं.

४

दिवेलागणीला त्यानं बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि पाहिलं तर मथुराबाई घरात नव्हती. ती मागे होती, कुंपणाशी. हात भोकातून काढत होती. हात रिकामा होता.

"काय देलं?"

"विरजण."

"कोनाले?"

ती अशी पाहायला लागली की जणू त्यानं स्वतःचं नाव विचारलं. "इंदुताईले. अजून कोनाले?"

"इंदुताई कुठं हाय वो? कुलूप हाय दाराले!"

"असू द्या ना. तुमाले ऐकू नाही येत काय? हळू बोलते आता. तोंडात कापूस धरून बोलल्यावानी."

"दिवे लागल्यावर विरजण देते काय कोनी? तुले माहीत नाही?"

"मांगतलं तिनं," मथुराबाई म्हणाली. "पाटलाच्या घरच्या बाईनं सगळ्या गल्लीसमोर माह्याकून मांगतलं होतं. आता कोनी पाहत नाही म्हनून मी नाही म्हनू?"



दुसऱ्या दिवशी तो बाजारातून आला तेव्हा वाटी परत आली होती. मथुराबाई तिच्यात बोट फिरवून चाटत होती. हिरवी भाजी होती, पालकासारखी घोटलेली.

"इंदुताईनं देली. रिकामी कशी देईन थे?" तिनं वाटी पुढे केली. "कडसर हाय. पन मागून गोड लागते. घ्या."

त्यानं वाटी नाकाशी नेली. तो वास त्याच्या हातांना जन्मभर होता. साबणानं जात नाही तो. पलीकडची छाटलेली पानं कुठं जातात, ते त्याला तेव्हा कळलं.

"थुंक," तो म्हणाला. "मथुरे, थुंक थे!"

पण तिनं वाटी परत ओढून उरलेलंही चाटून साफ केलं. आणि मथुराबाईनं उठून तिच्यात गूळ-दाणे टाकले. आलेलं भांडं रिकामं जायला नको म्हणून.

५

असं सुरू झालं आणि त्याला शेवट नव्हता. तिकडून वाटी भरून यायची, म्हणून इकडून भरून जायची. इकडून भरून जायची, म्हणून तिकडून यायची.

मथुराबाईचं घरचं जेवण सुटलं. भाकर मोडून ती तशीच बसायची. दुपारभर कुंपणाला टेकून तांदूळ निवडायची आणि मधेच मान हलवायची, कोणाचं तरी ऐकल्यासारखी. हात लावला तर अंग गार. बोलणं हळू झालं. आधी मारोतीला वाटलं आपल्याच कानांना कमी येतंय. पण लालीबाईही म्हणाली, "याडीचा आवाज कुठं गेला, बाबा? डाक्टरले दाखवा." डॉक्टरनं तपासलं, ताकदीची बाटली दिली. बाटली भरलेलीच राहिली.

"तिकडे लय थंड हाय," एकदा मथुराबाई म्हणाली. "उनाचा तरास नाही. इंदुताई म्हनते, चल."

"मंग?"

"मंग काय? तुमाले भाकर कोन देईन?" ती म्हणाली. पण ते म्हणण्याआधी ती थोडी थांबली होती, आणि ते थांबणं मारोतीच्या काळजात रुतलं.

मथुरा हातची चालली होती.

तो पुन्हा वळसा घालून पलीकडे गेला. या वेळी कुंपणाकडे गेला नाही, मागच्या खोलीच्या खिडकीकडे गेला. तिला झडपा नव्हत्या, नुसते गज. आत कापूस गजांपर्यंत आलेला, वरून पिवळा पडलेला. त्या कापसात दोन खळगे होते. माणूस पाठ टेकून बसला आणि उठून गेला की मागे उरतो तसा खळगा. एकाशेजारी एक, खिडकीकडे तोंड करून.

मांजर बसत असेल, त्यानं मनाला सांगितलं. घुशी असतील. हात घालून पाहावं असंही वाटलं, पण हात गेला नाही. खळग्यांच्या कडा अजून वर येत होत्या, अगदी हळू. नुकतंच कोणी उठल्यासारख्या.

घरी आल्यावर तो विचार करत बसला. शिकलेला नव्हता, पण गाठ कुठं आहे ते पाहायची त्याला सवय होती. कुंपण तोडलं तर मधात काहीच उरणार नाही, मग मथुराला कोण अडवील? भोक बांधलं तर सुटतं. मग गाठ वाटीत होती. भरलेली वाटी दुसरी भरलेली वाटी मागते. रिकामी गेली, तर मागणंच संपेल.

मथुराबाई बाजेवर डोळे मिटून पडली होती. मारोतीनं मांडणीवरून तिकडून आलेली वाटी उचलली, धुतली, धोतरानं कोरडी केली. दिवे लागायला थोडा वेळ होता. त्यानं ती रिकामी वाटी भोकात सरकवली. आपल्या बायकोनं जन्मात जे केलं नाही, ते तो तिच्या नावानं करत होता.

काही क्षण वाटी तिथंच होती. मग पलीकडून ती ओढली गेली. पानांना घासत गेली तेवढाच आवाज. मग मागे बाज करकरली.

त्यानं वळून पाहिलं. मथुराबाई उठून बसली होती.

६

"भूक लागली," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

त्या रात्री ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं घर झाडून काढलं, मारोतीला खोकल्यावरून बोलली. कुंपणाकडे फिरकली नाही. खांदाही दुखेनासा झाला. वरच्या फळीवरचा डबा तिनं सहज काढला, तेव्हा मारोतीला डोळ्यांत पाणी आलं. इंद्रजितला त्यानं निरोप धाडला, तुही माय बरी हाय.

पलीकडची बाजूही बदलली. तिकडून फांद्या सुटल्या, वाकड्यातिकड्या, कोणी हात लावत नसल्यासारख्या. भोक बुजत चाललं. पावसाळा लागला होता. कडू मेंदी पावसात अशी वाढते की सकाळी एक पाहावं आणि संध्याकाळी एक. आता वाटी गेली नसती, पेला गेला असता. दोन दिवसांनी पेलाही गेला नसता.

मग लालीबाईची म्हैस व्याली. लालीबाईनं चिकाचा डबा आणून दिला, "याडी, बाबाले खर्वस करून दे," म्हणून. खर्वस झाला. दोघांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी लालीबाई डबा न्यायला आली आणि मथुराबाईनं तो धुऊन तिच्या हातात दिला.

लालीबाईनं झाकण उघडलं. उलटा करून पाहिला. "याडी, आज डब्यात वारा भरून देला काय?" ती हसत म्हणाली.

"डबा तुहा होता, तुले देला," मथुराबाई म्हणाली. "अजून काय पाह्यजे?"

लालीबाईचं हसू ओठांवर तसंच राहिलं. तिनं एकदा मारोतीकडे पाहिलं आणि गेली.

मारोती भाकर खात होता. हातातला घास हातातच राहिला. विसरली असेल, तो मनाशी म्हणाला. आजारातून उठली आहे. साखरेचा डबा तिच्या पाठीशीच होता, हात लांबवायचा अवकाश. कढीपत्ता दारातच होता.

"काहून थांबले?" मथुराबाई म्हणाली. "खा ना."

७

तो खिडकीशी गेला. जायचं नव्हतं, पण पाय गेले. कापूस, गज. आता खळगे तीन होते. तिसरा लहानखुरा, बाकीच्या दोघांना चिकटून, आणि उजवीकडे थोडा खोल. एक खांदा वर न जाणारं माणूस जसं कलून बसतं, तसा.

तो परत आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं, दिवे लागायची वेळ होती. भिंतीवर खिळा रिकामा होता.

"कैची कुठं हाय?"

मथुराबाई पीठ मळत होती. हात कोपरापर्यंत पिठात. तिनं वर पाहिलं नाही. "कोनती कैची?"

"माही. कुंपनाची."

"बुजू द्या ना आता थे," ती म्हणाली. "तुमीच तं म्हनलं होतं, बारमाही हिरवं राहते. चांगलं दिसते सारं हिरवंगार." आणि ती मळत राहिली. उजवा खांदा खालीवर, खालीवर.

मारोती मागे गेला. भोक उरलं नव्हतं. जिथं होतं तिथली पानं तेवढी कोवळी होती, त्यावरून जागा कळली. त्यानं हातांनीच फांद्या मोडायला सुरुवात केली. कडू मेंदी हातानं मोडत नाही, सोलते. नखं हिरवी झाली, मग लाल झाली. तो घाई करत नव्हता. एक फांदी, मग दुसरी, रोज छाटायचा तसा. मागे रांधणीतला पीठ मळण्याचा आवाज थांबला. तो वळला नाही.

मनगट जाईल एवढी जागा झाली तसा त्यानं हात घातला. कोपरापर्यंत. पलीकडे हवा गार होती, आणि काहीच आवाज नव्हता. त्यानं तळवा उघडा धरला. काय मागायचं ते त्याला सुचेना. तो नुसता हात पुढे करून उभा राहिला.

तळव्यावर वाटी ठेवली गेली. ठेवताना एका हाताचा अंगठा त्याच्या बोटांवरून ओझरता फिरला, नीट धरली ना ते पाहत. मग हात गेला.

त्यानं वाटी हळूहळू बाहेर ओढली, पानांना लागून सांडू नये म्हणून. त्यानं रिकामी पाठवलेली तीच वाटी होती. आता ती काठोकाठ होती. पलीकडे मथुराजवळ दुसरं काय असणार? कडू मेंदीची पानं होती, कोवळी, एकेक खुडून, देठ काढून ठेवलेली. पण रिकामी नव्हती.

"काय हाय थे?" मागून दारातून आवाज आला. मोठा, खणखणीत. "टाका थे. खाऊ नका."

या घरात चाळीस वर्षं त्यानं मथुराच्या हातचं काही टाकलं नव्हतं. मारोतीनं एक पान उचलून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि चावलं.

कडू लागलं नाही.